जॅझ ऐकायचाय? मग आधी ब्लूजचे बारा बार मोजायला शिका

"जॅझ कुठून सुरू करू, एखादा चांगला अल्बम सांग ना" असं विचारलं की बहुतेक जण डोळे मिटून माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' सांगतात. अल्बम भारीच आहे, त्यात वादच नाही, पण ज्याने आयुष्यभर फक्त गाणी ऐकलीत, म्हणजे मुखडा, अंतरा, परत मुखडा, त्याला नऊ-नऊ मिनिटं ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ऐकताना नेमकं काय पकडायचं हेच कळत नाही. दोनदा लावतो, छान आहे म्हणतो, मग ते काम करताना मागे वाजत राहतं आणि विषय तिथेच संपतो. मला फार वाईट वाटतं असं झालं की, कारण आपले कान ह्या संगीतासाठी बऱ्यापैकी तयार असतात, ज्याने घरात थोडं जरी नाट्यसंगीत, भजन, ख्याल ऐकलंय त्याचे तर नक्कीच. गडबड क्रमाची होते.

माझं ठाम मत आहे की आधी ब्लूज ऐकावा, मग थोडं फोक आणि त्यानंतर जॅझ. ब्लूजचा सांगाडा एकदा कानात बसला की जॅझमधलं निम्मं कोडं सुटतं, कारण जॅझमधल्या कितीतरी ट्यून्स सरळ त्याच सांगाड्यावर बांधलेल्या आहेत, आणि खाली जे अल्बम सांगतोय ते मुद्दाम तसे निवडलेत.

तर हा सांगाडा बारा बारचा. एक बार म्हणजे चार मात्रा धरा, असे बारा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन झालं. त्याचे चार-चार बारचे तीन तुकडे. पहिल्या तुकड्यात गायक एक ओळ म्हणतो, दुसऱ्यात तीच ओळ जराशी फिरवून परत म्हणतो, तिसऱ्यात नवी ओळ टाकून बोलणं पूर्ण करतो. मागे मुख्य कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवलेल्या सुरांचे गुच्छ, तीनच, षड्जावरची, मध्यमावरची आणि पंचमावरची. पहिले चार बार षड्जावर, मग दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, आणि शेवटच्या चारात पंचम, मध्यम आणि मग परत सा, की लगेच नवं आवर्तन सुरू. ओळ साधारण दोन-अडीच बारमध्ये म्हणून होते आणि उरलेली जागा वाद्याची असते, म्हणजे गायक बोलला की गिटारने किंवा माउथ ऑर्गनने उत्तर द्यायचं. हे सवाल-जवाब ब्लूजचा जीव आहेत आणि पुढे जॅझमध्ये तेच जागोजागी सापडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सूर. ब्लूजवाले गंधार ज्या जागी लावतात ती ना धड कोमल ना धड शुद्ध, मधेच कुठेतरी, आणि गाता गाता खालून वर सरकवतात. त्यात मागच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि वर गायक कोमलाकडे झुकलेला असतो, म्हणजे दोन्ही गंधार एकाच वेळी कानावर. जोग राग ऐकणाऱ्यांना दोन्ही गंधारांची सवय असते. ब्लूज म्हणजे जोग नाही हे उघड आहे, दोघांचं चलन वेगळं आहे, पण त्या माणसाला ब्लूज पहिल्यांदा ऐकताना तो तितकासा परका वाटत नाही. बाकी निषाद कोमल हवाच.

हे संगीत आलं अमेरिकेच्या दक्षिणेतून, त्यातही मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या सपाट पट्ट्यातून, जिथे गुलामगिरी कागदावर १८६५ मध्ये संपली होती पण कृष्णवर्णीय कुटुंबं गोऱ्या मालकाची जमीन अर्धेलीने कसत होती आणि दर वर्षी हिशेबाला बसलं की कर्ज उरतच होतं. म्हणून त्यात दुःख आहेच, पण नुसतं रडगाणं समजू नका, त्यात मस्ती आहे, टोमणे आहेत, शनिवारी रात्री नाचायला लोक जमायचे त्यांच्यासाठी वाजवलेलं संगीत आहे ते.

पहिला अल्बम बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल'. २१ नोव्हेंबर १९६४ ला शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये रेकॉर्ड झालाय, पस्तीसेक मिनिटांचा आहे, आणि समोरचा पब्लिक एवढा रंगलाय की ब्लूज कोणासाठी आणि कशासाठी असतो हे समजावून सांगायची गरजच उरत नाही. त्यातलं 'स्वीट लिटल एंजल' घ्या. सुरुवातीची गिटार जाऊ द्या, गाणं सुरू झालं की संथ चार मात्रांचे बार बोटांवर मोजा, पाचव्या बारला मागची कॉर्ड बदललेली कळेल आणि तिथेच तो ओळ परत घेतो, नवव्याला तिसरी ओळ येते. दोन-तीन आवर्तनं मोजलीत की पुढे मोजावं लागत नाही, सम यायच्या आधीच अंगाला कळतं. किंग गाताना गिटार वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही, आलटून पालटून चालतं, त्यामुळे सवाल-जवाब अगदी स्वच्छ ऐकू येतात. आणि त्याची ती तार खेचून सूर थरथरवण्याची पद्धत ऐका, त्याचा नातेवाईक बुका व्हाइट तारेवर स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी, घासून जो आवाज काढायचा तो ह्याला नुसत्या बोटांनी काढायचा होता, त्यातून ती आली. आपल्याकडे मींड ऐकलेला माणूस ह्या एका गोष्टीवर फिदा होतो.

दुसरा, मडी वॉटर्सचा 'फोक सिंगर', १९६४. हा माणूस मिसिसिपीत एका मोठ्या शेतावर कामाला होता, तिथे १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने येऊन अमेरिकन सरकारी ग्रंथालयासाठी त्याचं गाणं रेकॉर्ड केलं, १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि शहरी ब्लूजचा चेहराच बदलून टाकला. पण ह्या अल्बमवर तो परत साध्या गिटारवर आलाय, सोबत तरुण बडी गाय दुसरी गिटार वाजवतोय आणि विली डिक्सन बेसवर. ह्याचं रेकॉर्डिंग इतकं मोकळं आहे की श्वाससुद्धा ऐकू येतो. प्लीज हा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, साधे का होईना पण हेडफोन लावा.

रॉबर्ट जॉन्सन मात्र तिसऱ्या नंबरवर ठेवा, पहिल्यावर नको. त्याने १९३६ मध्ये सॅन अँटोनियोला आणि १९३७ मध्ये डॅलसला मिळून एकूण २९ गाणी रेकॉर्ड केली, १९३८ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी गेला, आणि १९६१ मध्ये त्यातली काही 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' नावाने निघाली तेव्हा इंग्लंडमधली गिटार वाजवणारी पोरं वेडी झाली. आवाज जुना, खरखरीत, आणि तो बारा बार काटेकोर पाळतही नाही, मनात आलं तर अर्धा बार वाढवतो, त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो. आधीचे दोन अल्बम मुरले असतील तर मात्र एकाच गिटारवर बेस, ताल आणि वरची सुरावट तिन्ही कसं चाललंय हे कळून धक्का बसतो. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला वगैरे गोष्टी बाजूला ठेवा, त्या गोष्टींनी त्याच्या मेहनतीवर अन्याय केलाय.

आता फोक. इथे लोकांना वाटतं फोक म्हणजे गिटार घेऊन बसलेला डिलन. डिलन आहेच, १९६३ चा 'द फ्रीव्हीलिन' बॉब डिलन' जरूर ऐका, पण तो ज्या विहिरीतून पाणी प्यायला ती विहीर आधीची आहे. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ नावाच्या एका विलक्षण संग्राहकाने १९२० आणि ३० च्या दशकांतल्या जुन्या व्यावसायिक तबकड्यांमधून ८४ गाणी निवडून 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' हा संच काढला, फोकवेज कंपनीने. गायक काळा की गोरा हे त्याने मुद्दाम सांगितलं नाही, गाणी शेजारी शेजारी लावली, आणि ऐकणाऱ्यांना कळेना कोण कुठला. फोक आणि ब्लूज ही दोन कपाटं पुढे रेकॉर्ड कंपन्यांनी केली, गावात तीच माणसं दोन्ही गात होती. हा संच सलग ऐकायचा नाही, आठवड्याला चार-पाच गाणी पुरेत.

त्या ८४ मधला एक आवाज मिसिसिपी जॉन हर्टचा. त्याने १९२८ मध्ये काही गाणी रेकॉर्ड केली, मग मंदी आली, कंपनी बुडाली, आणि हा आपल्या गावी शेतीकामाला परत. पस्तीस वर्षं कोणाला पत्ता नाही. १९६३ मध्ये संग्राहकांनी त्याच्या एका गाण्यातला ॲव्हलॉन ह्या गावाचा उल्लेख धरून नकाशात गाव शोधलं, तिथे गेले, तर म्हातारा तिथेच, आणि हातात गिटार दिली तर बोटं तशीच चालतायत! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलमध्ये हजारोंसमोर गायला. त्याचा 'टुडे!' हा १९६६ चा अल्बम मी कोणालाही, अगदी संगीत फारसं न ऐकणाऱ्यालाही, बिनधास्त देईन. अंगठा खालच्या तारांवर ठोका धरतो आणि बाकीची बोटं वर गाणं विणतात, आवाज तर घरातल्या थोरल्या माणसाने जवळ बसवून काहीतरी सांगावं तसा. ह्या संगीतात इतका प्रेमळ आवाज दुसरा नाही.

आणि एलिझाबेथ कॉटन. डावखुरी, गिटार उलटी धरायची, म्हणजे बेस बोटांनी आणि सुरावट अंगठ्याने. लहानपणी स्वतः शिकली, किशोरवयात 'फ्रेट ट्रेन' हे गाणं रचलं, मग संसार, धुणीभांडी, लोकांच्या घरची कामं ह्यात वाद्य कित्येक वर्षं बंद. सीगर कुटुंबाच्या घरी कामाला लागली, ते सगळे संगीतातले, तिथे भिंतीवर गिटार होती, ती उचलली आणि घरच्यांना कळलं की ही कोण आहे. १९५८ मध्ये, साठी ओलांडलेली असताना, पहिला अल्बम आला, 'फोकसाँग्ज अँड इन्स्ट्रुमेंटल्स विथ गिटार'. तो ऐकताना मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात, हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि तिथेही हेच, ज्यांना कोणी गायिका म्हटलं नाही त्यांच्याकडे एवढं सगळं होतं. त्या ओव्याही ऐका, लोकसंगीत ऐकायला निघालोय तर आपलं सोडून कसं चालेल.

फोकमधून पुढे ज्यांनी स्वतःच्या मनातलं लिहिलं त्यातले दोनच सांगतो, जोनी मिचेलचा 'ब्लू', १९७१, आणि निक ड्रेकचा 'पिंक मून', १९७२. दुसरा जेमतेम २८ मिनिटांचा, आवाज आणि गिटार, एका गाण्यात थोडासा पियानो, बास.

आता जॅझ. ह्यात होतं काय, तर आधी ट्यून वाजवायची, मग त्याच ट्यूनच्या आवर्तनावर एकेकाने उपज करायची, म्हणजे जागेवर सुचेल ते वाजवायचं, ह्यालाच सोलो म्हणतात, शेवटी परत ट्यून. एका आवर्तनाला ते लोक कोरस म्हणतात. बारा बारचा ब्लूज हे एक आवर्तन, दुसरं नेहमीचं म्हणजे बत्तीस बारचं, आठ-आठचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळा आणि बाकीचे तीन जवळपास सारखे. ड्रमर झांजेवर आणि बेसवाला दर मात्रेला एक सूर टाकत चाल धरून ठेवतात, म्हणजे ठेका म्हणा. आपल्याशी मोठा फरक एवढाच की ख्यालात आवर्तन तालाचं असतं आणि राग पूर्ण वेळ एकच, इथे आवर्तनाबरोबर कॉर्डही फिरत असतात, त्यामुळे मगाशी गोड लागलेला सूर दोन बारने टोचू शकतो आणि वाजवणाऱ्याला ते भान ठेवून पळायचं असतं. सोलो ऐकताना मनातल्या मनात मूळ ट्यून गुणगुणत राहा, तो माणूस आवर्तनात कुठे आहे ते आपोआप कळतं.

सुरुवात शब्दांनी करा, 'एला अँड लुई', १९५६. एला फिट्झजेराल्डचा रेशमी आवाज, लुई आर्मस्ट्राँगचा खर्जातला खरखरीत, मागे ऑस्कर पीटरसनची मंडळी. आर्मस्ट्राँग गातो त्याच ढंगाने ट्रम्पेट वाजवतो हे इथे नीट कळतं, आणि ते कळलं की बिनशब्दाचा सोलोसुद्धा कोणीतरी बोलतंय असा ऐकू यायला लागतो.

मग डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट', १९५९. त्याच्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची 'टेक फाइव्ह' पाच मात्रांची, तीन अधिक दोन. पण मला त्याहून जास्त आवडते ती 'ब्लू रॉन्डो आ ला टर्क', नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन अशा मोडलेल्या. ब्रूबेक १९५८ मध्ये अमेरिकन सरकारतर्फे दौऱ्यावर होता, तुर्कस्तान, भारत वगैरे, आणि इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने ही लय उचलली. त्याच दौऱ्यात तो मुंबईलाही येऊन गेला. आता गंमत बघा, ट्यून नऊची, पण सोलो सुरू झाले की सरळ चार मात्रांचा बारा बारचा ब्लूज! तुमचं मोजणं इथे पहिल्यांदा कामाला येतं.

आता काढा 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाला, ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हन्स, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. पण पहिली ट्यून सोडा आणि दुसरीपासून लावा, 'फ्रेडी फ्रीलोडर', त्यात पियानोवर एव्हन्सऐवजी विंटन केली हा वादक आहे आणि आवर्तन आपलं ओळखीचं, बारा बार. एकाच आवर्तनावर विंटन केली, माइल्स, कोल्ट्रेन, ॲडर्ली असे एकामागून एक येतात, माइल्स मोजके सूर टाकून जागा रिकामी सोडतो, कोल्ट्रेन तीच जागा ठासून भरतो, ॲडर्ली हसत खेळत येतो. स्वभाव कळायला ह्याहून चांगला नमुना नाही. मग 'ऑल ब्लूज', तोही बारा बारचाच, फक्त सहाच्या झुलत्या लयीत. आणि मग शेवटी पहिल्या ट्यूनकडे या, 'सो व्हॉट'. इथे ब्लूज नाही, बत्तीस बार आहेत, पण कॉर्डची धावपळच काढून टाकलीय. पहिले सोळा बार एकच सुरावळ, मधले आठ तीच सुरावळ अर्ध्या सुराने वर, मग परत आठ खाली. ही सुरावळ म्हणजे स्वरांच्या हिशेबात आपला काफी थाट, गंधार निषाद कोमल. म्हणजे एका थाटात निवांत बसून वाढवत न्यायचं, हे आपल्याला शिकवायला नको. त्या मधल्या आठ बारना सा उचलला जातो तेवढा पकडा. बेस ट्यून म्हणतो आणि बाकीची वाद्यं दोन कॉर्डचं उत्तर देतात, म्हणजे सवाल-जवाब परत आलेच.

कोल्ट्रेन आवडला असेल तर आधी 'ब्लू ट्रेन', १९५७ चं रेकॉर्डिंग, नावाचीच ट्यून बारा बारची. मग 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ ला रेकॉर्ड झालेला, चार भागांचा, देवाला वाहिलेला अल्बम. पहिल्या भागात बेस चार सुरांचा एक तुकडा धरतो, कोल्ट्रेन तो तुकडा सगळ्या पट्ट्यांतून फिरवून आणतो, आणि मग चौघांच्या वाजण्यावर तेच नाव जपासारखं म्हटलं जातं. तिसरा भाग परत बारा बारचा आहे पण इतक्या वेगात आणि इतक्या आवेशात की मोजायचं भानच राहत नाही. चौथ्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दाशब्दाने 'म्हटली' आहे, ती अल्बमच्या वेष्टनावर छापलेली असते, समोर धरून ऐका. वारीतला, भजनातला माणूस ह्या अल्बमला माझ्यापेक्षा जवळचा असेल असं मला खरंच वाटतं. ह्याच कोल्ट्रेनने मुलाचं नाव रवी ठेवलं, रविशंकरांवरून.

शांत काही हवं असेल तर बिल एव्हन्सचा 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड', २५ जून १९६१. त्यातला बेसवाला स्कॉट लाफारो ठेका धरून बसत नाही, पियानोशी गप्पा मारतो. अकरा दिवसांनी तो अपघातात गेला, २५ वर्षांचा होता.

मुंबई आणि गोव्याचा जॅझशी संबंध जुना आहे, आणि अभिमानाचा आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकार येऊन वाजवत होते, आणि चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकून मुंबईत आलेली गोव्याची मुलं त्यांच्याकडून जॅझ उचलत होती. त्यातले ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, पुढे आपल्या सी. रामचंद्रांसोबत काम करत होते. १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी ह्या कानाने परत ऐका, ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, कशी उत्तरं देतायत ते. कोकणीत ख्रिस पेरी आणि लॉर्ना ह्यांची गाणी म्हणजे भाषा गोव्याची आणि झुलणं थेट जॅझचं. मुंबईत जन्मलेला गोवन गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा लंडनला गेला आणि १९६९ मध्ये सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' काढला, हा अल्बम आपल्याकडे फार कमी लोकांनी ऐकलाय आणि ते बरोबर नाही. १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा भरायला लागली, पहिल्याच वर्षी सनी रॉलिन्ससारखा माणूस येऊन वाजवून गेला.

भारतीय आणि पाश्चात्य एकत्र आलेल्या अल्बमपैकी दोन घ्याच. 'शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन', १९७६, झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम, सगळं लाइव्ह, मॅक्लॉफ्लिनने मींड काढता यावी म्हणून गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड खास कोरून घेतलं होतं. आणि विश्वमोहन भट्ट व राय कूडर ह्यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार, दोन्ही तारेवर घसरत जाणारी वाद्यं, मिसिसिपीची मींड आणि आपली मींड समोरासमोर बसलीय.

ऐकताना शफल बंद ठेवा, आणि एका वेळी एकच अल्बम आठवडाभर पुरवा. पुढचा अल्बम शोधायला कुठल्या यादीची गरज नाही, हातातल्या अल्बमवर कोण वाजवतंय ती नावं वाचायची. 'काइंड ऑफ ब्लू' आणि 'ब्लू ट्रेन' दोन्हींवर बेसला पॉल चेंबर्स आहे, एकदा त्याच्यासाठी म्हणून दोन्ही ऐका. कॅननबॉल आवडला तर त्याचा 'समथिंग एल्स', १९५८, तिथे माइल्स पाहुणा आहे आणि ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. ब्लेकीचा त्याच वर्षी रेकॉर्ड झालेला 'मोनिन'', त्यात सुरुवातीलाच पियानो विचारतो आणि बाकीचे उत्तर देतात. त्यावरचा ट्रम्पेटवाला ली मॉर्गन, जो 'ब्लू ट्रेन'वरही होता, त्याचा १९६४ चा 'द साइडवाइंडर', आणि त्याची पहिली ट्यून चोवीस बारची, म्हणजे बाराच्या दुप्पट ब्लूज, मोजून बघा.